विद्यापीठात मुलांसोबत भिंत रंगवायची, तर आधी माती मागवा

निवासी कलाकार म्हणून बोलावणं आलं की पहिल्याच दिवशी स्लाइड लावून व्याख्यान देऊ नका. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मी सहा आठवडे राहिले, तेव्हा पहिल्या शुक्रवारी मुलांना एवढंच सांगितलं: गावाकडं जाताय ना, मग येताना शिवारातली किलोभर माती आणा. सोमवारी टेबलावर जिंतूरची, केजची, अंबडची माती आली. काळी, मुरमाड, पडक्या गढीची पांढरी. पिशव्यांवर आम्ही गावांची नावं लिहिली. चित्रकला म्हटलं की लांब उभा राहणारा रसायनशास्त्राचा मुलगा "ही आमची, मॅडम" म्हणत पुढं सरकला.

मग अजिंठ्याला न्या. चित्रं बघतीलच, पण जिथं रंग उडालाय तिथं थांबवा. भुसकट मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर दिलेला रंग, हे सगळे थर तिथं उघडे दिसतात.

गिलाव्यात घाई नको. नुसती काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. आमचा पहिला लेप दोन दिवसांत तडकला. दुसऱ्यांदा एक घमेलं काळी माती, दोन घमेली चाळलेली वाळू, अर्धं घमेलं गव्हाचा भुसा आणि थोडं शेण घेतलं. तीन दिवस भिजवून पायानं तुडवलं. भिंत ओली करून अर्धा इंच थापलं, वर ओलं गोणपाट टाकलं. जानेवारी यासाठी उत्तम. एप्रिलच्या उन्हात गिलावा टिकत नाही.

रंगाला गेरू, पिवळी माती, काजळ पुरतं. बाभळीचा डिंक रात्री भिजवून सकाळी फडक्यानं गाळा आणि रंगात मिसळा. वाळलेल्या रंगावर बोट फिरवा: बोटाला लागला तर डिंक कमी, पापुद्रे सुटले तर जास्त.

काय काढायचं ते मात्र तुम्ही सांगू नका. केजची मुलगी चार दिवस नुसते रंग घोटत होती. पाचव्या दिवशी हळूच म्हणाली, "मॅडम, कोपी काढली तर चालंल का?" आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तिचं लहानपण फडावरच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत गेलेलं. पाचटाची एकेक काडी तिनं बारीक कुंचल्यानं ओढली. दाराशी चूल, चुलीशेजारी झोळी. झोळीत गेरूचा ठिपका दिला आणि म्हणाली, "हा माझा भाऊ." त्या दिवशी कुणीच जेवायला वेळेवर गेलं नाही. अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवा.

परवानगीचं पत्र कुलसचिवांकडून आधीच घ्या, आणि भिंतीवर किती वर्षं चुना मारायचा नाही तेही त्यात लिहून घ्या. मुलींच्या वसतिगृहाची वेळ आणि शेवटची एसटी बघूनच काम थांबवा. वॉचमन मामांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्या भिंतीवर पन्हळीचं पाणी येतंय, हे पहिल्यांदा त्यांनाच दिसलं आणि त्यांनीच वर पत्रा ठोकला.