पणजोबा मुंबईत वारले? कोरोनरचं रेकॉर्ड शोधताना या चुका टाळा

"पणजोबा गिरणीत होते, तिकडेच काहीतरी होऊन गेले", बऱ्याच घरांत एवढंच माहीत असतं. मग कोणीतरी सांगतं कोरोनरचं, म्हणजे अचानक किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, रेकॉर्ड बघा. बघा, पण आधी माणूस नक्की कुठे वारला ते काढा, कारण १८७१ च्या कायद्यातला कोरोनर आपल्या बाजूला फक्त मुंबई शहरापुरता होता. पुणे, सोलापूरला तो शोधत बसू नका, तिकडे पोलीस पंचनामा आणि मॅजिस्ट्रेट. आणि १९३० चं कुर्ला किंवा अंधेरी म्हणजे मुंबई नव्हे हां! पण गंमत अशी की कायदा प्रेत कुठे आहे ते बघायचा, त्यामुळे कुर्ल्याला गाडीखाली आलेला माणूस मुंबईतल्या जेजे हॉस्पिटलात आणल्यावर गेला असेल तर केस कोरोनरकडेच.

कोरोनरच्या यादीत नाव सापडलं की काही लोक हादरतात, घरात खून-बिन झाला की काय. तसं नसतं. अपघात, आत्महत्या, खून, कारण न कळता अचानक आलेला मृत्यू, आणि तुरुंगात कैदी गेला तर तोही, हे सगळं त्याच्याकडे जायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र निकालाची एक ओळ वाचून फाइल बंद करणं. ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या पंचांपुढे, जबाब कोणाचे झाले ते वाचा ना. स्टोव्हचा भडका होऊन सून गेली, निकाल अपघाती मृत्यू, आणि साक्षीदार कोण तर नवरा, सासू आणि शेजारी, तर त्या निकालाला किती वजन द्यायचं हे तुम्हीच ठरवा, मी तरी डोळे झाकून देणार नाही. उलट जबाबात पत्ता, चाळ, गाव, धंदा, नातं असली माहिती मिळू शकते आणि वंशावळीला खरी कामाची तीच.

आडनावाने शोधू नका, निदान फक्त आडनावाने तरी नको. जुन्या नोंदीत कित्येकदा नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, तेही साहेबाला ऐकू आलं तसं, म्हणजे विठोबाची चार स्पेलिंगं धरून चला.

तारखेचा घोळ पण होतो. चौकशी लगेच सुरू व्हायची, पण व्हिसेरा (प्रेतातल्या अवयवांचे नमुने) केमिकल अ‍ॅनालायझरकडे, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीला, गेला की पुढे ढकलली जायची, म्हणून पेपर चाळताना मृत्यूनंतरचे चार-सहा आठवडे तरी बघा. मूळ कागद नाही मिळाले तरी इंग्रजी पेपरातली कोरोनर कोर्टाची बातमी बरंच काही देऊन जाते. सोबत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यूचा दाखला काढा, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखचं (जुन्या सरकारी कागदपत्रांचं) ऑफिस आहे तिथेही विचारा.

१४ एप्रिल १९४४ च्या गोदीच्या स्फोटात कोणी गेलं असेल तर नाव मिळेलच असं धरू नका, कित्येक प्रेतांची ओळखच पटली नव्हती. आणि मुंबईतला कोरोनर १९९९ मध्ये बंद झाला, त्यानंतरच्या केससाठी थेट त्या हद्दीच्या पोलीस स्टेशनात अकस्मात मृत्यूची नोंद मागा.