जुनी झूम लेन्स घेताय? आधी टॉर्च काढा

गोव्यातल्या चोडण बेटावर पक्षी टिपायला पहिलीच टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लेन्स) घेत असाल, तर ३०० मिमी या आकड्यावर भाळू नका. कॅननची ७५-३०० स्वस्त मिळते, पण तिला स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय नाही. रायबंदरहून सुटलेल्या फेरीबोटीत हात हलला की खंड्याचा नुसता निळा फराटा उरतो. त्यापेक्षा कॅननचीच ५५-२५० आयएस एसटीएम घ्या, नावातलं आयएस म्हणजे हेच स्टॅबिलायझेशन. कॅननच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेरा बॉडीवर १.६ पटीने ती ४०० मिमीइतकी जवळ आणते. निकॉनवाल्यांनी ७०-३०० एएफ-पी व्हीआर पाहावी (व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन). मात्र डी९०सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकसच चालत नाही. उडत्या पक्ष्याला स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही, तिथे शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान हवं.

सेकंडहँड घेताना गोव्यात एक गोष्ट विसरू नये: बुरशी. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर लेन्स कितीही स्वस्त असो, परत द्या. मी एकदा ‘धूळच आहे हो’ या शब्दावर विसंबलो. पाऊस सरेपर्यंत आतली काच दुधाळ झाली होती. धुळीचे दोनचार कण मात्र खुशाल चालवून घ्या, फोटोत ते दिसत नाहीत. आता माझ्या लेन्सा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत असतात.