ओढ्यातले किडे मोजताना दगड उलटायला विसरू नका

गौताळा अभयारण्यातल्या किंवा बालाघाटाच्या डोंगरओढ्यांत जलकीटकांची पाहणी करायची तर पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. पुरात किडे वाहून जातात, आणि उन्हाळ्यात आपले बहुतेक ओढे कोरडेच. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आधी काढा.

नुसता डोह पाहून परतू नका. खरी विविधता खळखळत्या पाण्यातल्या दगडांखाली असते. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, वरच्या बाजूचे दगड पायाने ढवळा, मग जाळीत आलेलं सगळं पाण्यासकट पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि दोन मिनिटं थांबा. हालचाल तेव्हाच दिसू लागते. वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी चालताना दिसली, तर आत कॅडिसफ्लायची, म्हणजे पतंगासारख्या दिसणाऱ्या एका कीटकाची अळी आहे. तीन शेपट्यांच्या किड्यावर मात्र फसगत होते: पोटाच्या कडेला कल्ले थरथरत असतील तर मेफ्लाय या अल्पायुषी कीटकाचं पिल्लू, शेपट्याच पानासारख्या चपट्या असतील तर टाचणीचं, म्हणजे चतुराच्या नाजूक भावकीतल्या कीटकाचं.

कुजक्या पानांचा गठ्ठा आणि डोहाचा काठ वेगळे तपासा, नोंदीही वेगळ्या ठेवा. प्रत्येक ठिकाणी वेळ सारखाच द्या, नाहीतर तुलना फोल. फोटो काढून किडे तिथेच सोडा, आणि उलटलेला दगड होता तसा ठेवा.