निविदा अपात्र ठरली तर नागपुरात दाद कशी मागावी

राज्य सरकारच्या महाटेंडर्स या ई-निविदा पोर्टलवर आपल्या नावापुढे 'अपात्र' दिसलं की बहुतेक ठेकेदार आधी ओळखीच्या बाबूला फोन लावतात. त्या फोनचा कागद होत नाही, आणि पुढे कामी येतो तो कागदच.

लढाईची सुरुवात मात्र निविदा भरण्याआधी होते. एखादी अट मुद्दाम कुणासाठी घातल्यासारखी वाटली, तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत द्या. अट मान्य करून निविदा भरायची आणि हरल्यावर तिच्यावर बोट ठेवायचं, हे कोर्टात सहसा टिकत नाही.

प्रतिज्ञापत्रं दुकानातल्या तयार नमुन्यावर उरकू नका. कुठे काळ्या यादीत होतात का, खात्यात नातेवाईक आहेत का, दुसऱ्या बोलीदार कंपनीत तुमचाच भागीदार आहे का: निविदेत जे विचारलं असेल ते सगळं खरं लिहा. तुम्ही आक्षेप घेतला की समोरचा आधी तुमचीच फाइल उघडतो. आपसात ठरवून भरलेल्या निविदांवर स्पर्धा कायदा, २००२ खाली कारवाई होते, ते वेगळंच.

अपात्र ठरलात की त्याच दिवशी तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता उतरवून घ्या. आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा भाग, उघडण्याआधी निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र द्या. 'अन्याय झाला' असं लिहून काही होत नाही. कलम क्रमांक, त्यासाठी जोडलेला कागद, पान क्रमांक, आणि नेमकी मागणी एवढं पुरे; दीड पानापेक्षा लांब पत्र कोणी वाचत नाही. आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेलही करा. आक्षेपाची मुदत निविदेत दिली असेल तर तीच पाळा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर कार्यादेश (वर्क ऑर्डर) निघू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका. प्रतिस्पर्ध्याचे कागद मागितले तर त्रयस्थ पक्ष म्हणून त्यालाही विचारलं जातं.

उत्तर आलं नाही तर वरिष्ठांकडे जा. मग सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर निकालापासून (१९९४) कोर्ट निर्णयापेक्षा तो घेण्याची पद्धत तपासतं. तुमचा दर कमी होता एवढ्यावर भागत नाही. नियम कुठे मोडला ते दाखवावं लागतं. काम सुरू झाल्यावर स्थगिती मिळणं फार कठीण, तेव्हा वकिलाकडे कार्यादेश निघण्याआधीच पोहोचा, शिक्क्याची पोच घेऊन.