स्क्रॅबलसाठी लांब इंग्रजी शब्द कसे पाठ करावेत

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द म्हणून फुप्फुसाच्या आजाराचा एक 45 अक्षरी शब्द सांगितला जातो. तो घडाघडा म्हणून दाखवणारे हौशी लोक असतात. स्क्रॅबलमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. बोर्ड 15 बाय 15 घरांचा आणि रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, अक्षरांच्या टाइल्स सातच. त्या सातही एकाच खेळीत लावल्या की वरचे 50 गुण मिळतात, याला बिंगो म्हणतात. तेव्हा पाठ करायचे ते सात आणि आठ अक्षरी शब्द.

सुरुवात क्यू-झेडवाल्या शब्दांनी करू नका. एकूण 100 टाइल्समध्ये ई 12 आहेत, ए आणि आय प्रत्येकी 9, तर एन, आर आणि टी प्रत्येकी 6. जी अक्षरं सारखी हाती येतात, त्यांचे शब्द आधी.

त्यासाठी सहा अक्षरांचा एक पाया धरा. ‘रेटिना’ (आर-ई-टी-आय-एन-ए) उत्तम. त्याला सातवं अक्षर जोडा आणि अक्षरांची जुळणी बदलून पाहा: पी आला तर ‘पेंटर’, सी आला तर ‘सर्टन’, के आला तर ‘केराटिन’, एम आला तर ‘मिनरेट’. एस आला तर चंगळच! ‘रिटेन्स’, ‘नॅस्टिअर’, ‘स्टीअरिन’, शिवाय ‘रेट्सिना’ नावाची ग्रीक वाइन.

आता वही घ्या. डावीकडे अक्षरं वर्णक्रमाने लिहा, उदाहरणार्थ ए-ई-जी-आय-एन-आर-टी. उजवीकडे त्यांतून होणारे शब्द: ‘ग्रॅनाइट’, ‘इन्ग्रेट’, ‘टीअरिंग’. उजवी बाजू झाकून उत्तरं आठवा. रॅकवरची अक्षरंही मनात याच क्रमाने लावायची सवय ठेवली, की शब्द पटकन सुचतो. अर्थ नंतर पाहिला तरी चालतो. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 साली फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं!

स्वरांचाच भरणा झाला तर बहुतेक जण टाइल्स बदलतात. त्याआधी ‘एटेरिओ’ जमतो का बघा: ई-टी-ए-ई-आर-आय-ओ. ब्लॅकबेरीसारख्या पुंजक्याच्या फळाचं हे नाव ‘कॉलिन्स’ या स्क्रॅबलच्या शब्दयादीत आहे. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंची यादी वेगळी असते, म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी कोणती यादी चालणार ते ठरवून घ्या. चॅलेंजमध्ये, म्हणजे समोरच्याने आक्षेप घेतल्यावर, शब्द खोटा ठरला तर टाइल्स उचलाव्या लागतात आणि ती खेळीही वाया जाते.

आठ अक्षरी शब्दाला बोर्डवरचं एक अक्षर लागतं. तो कडेच्या ओळीत शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या दोन घरांवर पसरला तर गुण नऊपट होतात. 1982 साली मँचेस्टरला कार्ल खोशनाव यांनी ‘कझीक्स’ असाच लावला: सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस. अक्षरांचे गुण 28. 10 गुणांचा क्यू अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरावर पडला, म्हणून 38. त्याचे नऊपट 342, वर बिंगोचे 50. एका खेळीत 392.