मळवली ते मळवली : विसापूरची गोल वाट

लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्यावर जायचं तर गायमुख खिंडीच्या रानातून चढावं, पठार आडवं पार करावं आणि पायऱ्यांच्या घळीने पाटणकडे उतरावं. निघायचं मळवली स्टेशनातून आणि परत यायचंही मळवलीलाच. दाट झाडी, गवताळ माथा आणि भाजे, लोहगडवाडी, पाटण ही मावळातली तीन गावं एका दिवसात होतात. दोर लागत नाही. चालायची बऱ्यापैकी सवय असलेल्या कुणालाही, शाळकरी मुलांनाही, ही फेरी जमते. रमतगमत सहा-सात तास धरा.

पण हे सगळं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच. ‘पावसाळ्यातच खरी मजा’ असं सांगणाऱ्यांचं या फेरीपुरतं अजिबात ऐकू नका. उतरायची घळ पावसात ओढा होते, पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माथ्यावर ढग उतरले की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये गवत पिवळं पडू लागलेलं असतं, हवा स्वच्छ असते आणि वाट कोरडी.

पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. मुंबईकरांनी लोणावळ्याला गाडी बदलावी. सकाळची लवकरची लोकल धरा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे गाव. लेणी पाहायची असतील तर सकाळीच पाहून घ्या. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या मान वर करून नीट बघा.

भाज्यातून खिंडीपर्यंत गाडीरस्ता आहे. चढ एकसारखा, चुकायला जागा नाही. खिंडीत आलात की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. आधी उजवीकडे लोहगडवाडीत जाऊन पोटभर खाऊन घ्या, कारण पुढे पाटणपर्यंत काही मिळत नाही. ज्या घरी खाल त्या मावशींना पाण्याच्या बाटल्या भरून द्यायला सांगा. माणशी तीन लिटर पाणी हवंच. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

आता खिंडीतून विसापूरच्या माथ्यापर्यंतचा टप्पा. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त दमवलं ते इथेच, आणि आजही लोक भरकटतात ते इथेच. रानात शिरल्यावर वाट एक नसते, दहा असतात. त्यातल्या बहुतेक ढोरवाटा. गुरं चरत जातात तशा त्या फुटतात आणि करवंदीच्या जाळीत संपतात. मळलेली दिसते म्हणून ती माणसांची वाट, असं इथे धरून चालत नाही.

माझा नियम सरळ आहे : कातळ डाव्या हाताला ठेवायचा आणि उंची राखायची. विसापूरचा कडा झाडांमधून डावीकडे अधूनमधून दिसत राहिला पाहिजे. उजवीकडे उतरत जाणारी वाट पवनेच्या बाजूच्या वस्त्यांकडे जाते, ती सोडा. डावीकडे लगेच चढणारी वाट त्याहून फसवी. ‘गड वर आहे, मग वर चढा’ हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो धोक्याचा आहे. अशा वाटेने गेलात तर थेट कड्याच्या पायथ्याच्या घसाऱ्यावर पोचता. तिथे पायाखालची माती सरकते आणि धरायला फक्त वाळलं गवत.

आडवं चालत राहा, घाई करू नका. मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली कोरडी घळ डावीकडून खाली येताना दिसली की तिच्यातून वर चढायचं. धोंडे मोठे असले तरी पक्के आहेत. मुलांना मध्ये घ्या आणि दोघांत अंतर ठेवा, म्हणजे वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही. दगडांवर रंगवलेले बाण दिसले तर आधार म्हणून बघा, एकट्या बाणावर विसंबू नका. फोनवरच्या नकाशाचंही तेच : उंच कड्याला खेटून आणि झाडीखाली तो ठिपका भलतीकडे सरकतो. अर्धा-पाऊण तास चालून घळ लागली नाही, किंवा कातळ दिसेनासा झाला, तर पुढे रेटू नका. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. गुराखी भेटला तर थांबून विचारा. ‘दादा, गडावरची वाट कुठली?’ एवढं पुरतं, आणि त्यांचं सांगणं कुठल्याही बाणापेक्षा खरं.

आणखी एक. कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. अत्तर लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका.

तटाच्या खिंडारातून वर आलात की पठार उघडं पडतं. तास-दीड तास इथे द्याच. लांबलचक तटबंदी, चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक, टाकी, पडके वाडे. पश्चिमेच्या तटावर बसा. समोर लोहगड तुमच्यापेक्षा खाली दिसतो, विंचूकाटा नावाच्या त्याच्या लांब, निमुळत्या सोंडेसकट. 1818च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि लोहगड लगेच पडला तो या उंचीमुळेच. इथून तोफा डागल्या तर खालच्या गडाला आडोसाच नाही. विसापूरचे दरवाजे त्यांनी उद्ध्वस्त केले. म्हणून आज इथे लोहगडासारखी दरवाजांची रांग दिसत नाही.

उतरण्यासाठी द्रुतगती मार्ग आणि रेल्वे दिसते त्या उत्तरेच्या कडेला या आणि तट धरून पायऱ्यांची घळ शोधा. वाटेत मारुती आणि कातळातल्या गुहा लागतात. पायऱ्या तुटक्या आहेत, काही ठिकाणी बसून उतरा. खाली झाडीत डावीकडची वाट भाज्याला, उजवीकडची पाटणला. पाटणची घ्या, म्हणजे फेरी पुरी होते.

पाटणहून मळवली स्टेशन सपाट रस्त्याने. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवा आणि चारच्या आत गड सोडा. घळीत अंधार लवकर पडतो.