क्रोशाची लेस कापडाला जोडताना

हाताने विणलेली सुती लेस कापडाला लावण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत, कारण सुती दोरा आणि सुती कापड सारख्या प्रमाणात आटत नाहीत. साताऱ्यात आमच्या घरी उशीच्या एका अभ्र्याला मी न धुतलेली लेस लावली होती आणि पहिल्याच धुण्यात त्याचा काठ चुण्या पडून आवळला, याची हळहळ मला अजून वाटते.

लेस कधीही ताणून लावू नये. ती काठावर सैल पसरून टाचण्या लावाव्यात आणि कोपऱ्यावर थोडी जास्त लेस चुणून घ्यावी, म्हणजे कोपरा वळत नाही. हातशिलाईत लेसच्याच रंगाचा एकेरी दोरा घेऊन, सुई कापडाच्या दुमडीतून काढून लेसच्या काठाच्या प्रत्येक साखळीत एक टाका घ्यावा आणि दोरा फार ओढू नये. रुमालासारख्या नाजूक कामाला मला हीच पद्धत योग्य वाटते.

रोज धुतल्या जाणाऱ्या अभ्र्यांना मशीन चालेल. आधी कच्चा दोरा घालून अरुंद झिगझॅग टीप अशी मारावी, की सुई एकदा कापडात आणि एकदा लेसच्या काठात पडेल.